पेटीवरचं नाव

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "तुमचं काय बाबा, तुम्ही जर्मनीत सेटल. आम्ही बसलोय ट्रॅफिकमध्ये." खाली सतरा अंगठे. डोकंच फिरलं.

सेटल म्हणजे काय रे नक्की? २०१९ मध्ये स्टुटगार्टजवळ घर मिळालं तेव्हा स्वयंपाकघरात सिंकसुद्धा नव्हतं. इथे बरेचदा आधीचा भाडेकरू ओटा-कपाटं उचकटून नेतो, भिंतीतून नुसते पाइप डोकावतात. दीड महिना मी कुकर बाथरूममध्ये घासला. तेही एक वेळ ठीक. पण माझी पत्रंच येईनात! टॅक्स नंबर पोस्टाने, बँकेचं कार्ड पोस्टाने, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, तोही पोस्टाने. तीन आठवडे रोज रिकामी पेटी उघडत होते. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी पेटीवर बोट ठेवलं. जुन्या भाडेकरूचं नाव! पत्त्यात फ्लॅट नंबर नसतोच, पोस्टमन नाव बघतो, नसेल तर पत्र परत. सगळा जन्म पुण्यात पाट्या वाचण्यात गेला आणि स्वतःची लावायचं सुचलं नाही.

हो, मान्य, मी स्वखुशीने आले. भाषेच्या वर्गात शेजारी युद्धातून निघून आलेली सीरियन बाई असायची, तिच्यापुढे माझं रडगाणं काढायची लाजच वाटायची.

पण परवा नागपूरचा एक मुलगा फोनवर रडकुंडीला आला होता. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो. मालक भाडं मोजून घेतो, सही देत नाही. नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही. कागद देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, पण हे त्या पोराने कुठल्या जर्मनमध्ये सांगायचं? याला सेटल म्हणतात?

हे सगळं ग्रुपवर टाइप केलं आणि पुसलं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत वर मणिपूरच्या दोन मुली राहायच्या. त्यांच्या पेटीवर नाव होतं का, आठवत नाही. आम्ही त्यांना 'वरच्या त्या' म्हणायचो.

आजींनी तेव्हा स्वतः पट्टी लिहून चिकटवली. कुलकर्णीतला र खाल्ला, पण बँकेचं पाकीट आलं. पट्टी अजून तीच आहे.

उद्या त्या मुलाबरोबर मालकाकडे जातेय. त्याला म्हटलंय, येताना सेलोटेप आण.