हेवा वाटतो तो त्या फोनचा

धाकट्या भावाच्या दीड वर्षाच्या लेकाला जुलाब लागले आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. भांडुपमधल्या लॅबवाल्याने शीची पीसीआर तपासणी सुचवली होती, सात-आठ हजारांची. काका म्हणाले, "शुद्ध लूट. आमची पोरं मीठ-साखरेच्या पाण्यावर उठली." भावजयीने मला गाठलं, "ताई, तुमच्याकडे तर सगळं तपासूनच औषध देतात ना?"

देतात खरं. माझी लेक आठ महिन्यांची असताना न्यू जर्सीत तिची हीच तपासणी झाली. एका नमुन्यात 22 जंतू शोधायचे, यंत्राला तासभर पुरतो. अहवालात दोन नावं आली, त्यातलं एक क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल, मोठ्यांना गंभीर जुलाब लावणारा जंतू. मी ते फोनवर शोधलं आणि हातपाय गाळून बसले. डॉक्टरीणबाई शांत होत्या. वर्षाच्या आतल्या कितीतरी ठणठणीत बाळांच्या पोटात हा जंतू असतोच, म्हणाल्या. ओआरएस पाजत राहा. बिल नंतर आलं, त्यातलं निम्मं विम्याने झिडकारलं.

पीसीआर जंतूच्या जनुकांचा माग काढते. तो जिवंत आहे की मेलेला, गुन्हेगार आहे की नुसता शेजारी, हे ती सांगत नाही. म्हणूनच कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी लहान मुलांच्या जुलाबांवर झालेल्या जेम्स (GEMS) या मोठ्या अभ्यासात आजारी मुलांबरोबर त्याच वस्तीतल्या धडधाकट मुलांचीही शी तपासली होती. 2016 मध्ये त्या साठवलेल्या नमुन्यांची पीसीआरने पुन्हा मोजणी झाली. नुसतं 'आहे की नाही' न बघता 'किती आहे' हेही पाहिलं, तेव्हा शिगेला हा हगवणीचा जंतू आधीच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघाला. जुन्या पद्धतीने तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवायला गेलं की बऱ्याचदा हाती लागत नाही.

तेव्हा काकांचं अर्धं बरोबर. भावाला मी एवढंच सांगितलं: ओआरएस, 14 दिवस झिंक, अंगावरचं दूध चालू. शीत रक्त दिसलं, लघवी थांबली, डोळे खोल गेले तर थेट हॉस्पिटल. साध्या जुलाबात जंतूचं नाव कळून उपचार फारसा बदलत नाही. उलट नाव हाती आलं की अँटिबायोटिक लिहायला हात शिवशिवतो.

पण 'लूट' म्हणून विषय संपवणं मला पटत नाही. आणि इथे अमेरिकेचा हेवा वाटतो, यंत्राचा नव्हे. पुढे माझ्या मुलाच्या शीत साल्मोनेला हा जुलाबांचा दुसरा जंतू निघाला तेव्हा तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्यातून फोन आला. काय खाल्लं, घरात कासव पाळलंय का (त्याच्याकडूनही हा जंतू येतो), पाळणाघर कुठलं, तिथे आणखी कुणाचं पोट बिघडलंय का? वीस मिनिटं. मला आधी रागच आला होता, पोरगं कडेवर रडत होतं.

मुंबईत तो अहवाल पीडीएफ होऊन आईच्या व्हॉट्सअॅपमध्ये मरतो. पावसाळ्यात पालिका आकडे देते त्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो वेगवेगळे. पोटाचं मात्र सगळं 'गॅस्ट्रो' या एका पोत्यात. रोटाव्हायरस कुठला, नळातून आलेला शिगेला कुठला, हे त्यातून कळत नाही. रोटाव्हायरस मात्र देशभरच्या काही रुग्णालयांत वर्षानुवर्षं वेगळा मोजला गेला, म्हणून तर 2016 पासून त्याची लस सरकारी लसीकरणात येऊ लागली. महाराष्ट्रात 2019 मध्ये आली.

कोविडमध्ये चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात रात्रंदिवस पीसीआर चालली. यंत्रं आहेत, हात तयार आहेत. दर पावसाळ्यात प्रत्येक वॉर्डातल्या दवाखान्यांतून मुलांचे थोडे नमुने तिथे फुकट तपासा, आणि एकाच गल्लीत तोच जंतू दिसला तर पाणीखात्याच्या इंजिनिअरला फोन लावा. हजारो आईबापांनी खिशातून सात-सात हजार मोजण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

भांडुपला आमच्या माहेरच्या टेकडीवर पाणी ठरावीक तासच येतं. बंद असताना पाइपात दाब नसतो, आणि पाइप गटाराला चिकटून गेलाय; जिथे चीर तिथून घाण आत ओढली जाते. त्यात प्रत्येकाची मोटर पाइपातून पाणी खेचणारी. खाली उतरलं की हाकेच्या अंतरावर पालिकेचं अवाढव्य जलशुद्धीकरण केंद्र.

भाचा चौथ्या दिवशी खेळायला लागला. तपासणी केली नाही. भावाने काल नळाचा व्हिडिओ पाठवला: पहिली दहा मिनिटं पिवळसर पाणी, मग स्वच्छ. भावजय त्या दहा मिनिटांचं पाणी भांडी घासायला वापरते, म्हणाला.