रेडिओची खरखर आणि अर्थिंग: तो फॉरवर्ड वाचून सॉकेट उघडू नका

गेले काही दिवस एक मेसेज घरच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं असं की रेडिओ खरखरतो म्हणजे घराचं अर्थिंग गेलंय, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओता, अर्थ पिनला टेस्टर लागला नाही म्हणजे अर्थिंग ओके, आणि तरीही खरखर राहिली तर थ्री पिन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वायरच्या तुकड्याने जोडून टाका. माझ्या मावशीने हे वाचून वायरमनला बोलावलं पण होतं, म्हणून लिहायला बसलो.

शेवटचं आधी घेतो कारण त्याने माणूस मरू शकतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडलं की फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीनची बॉडी सरळ न्यूट्रलला जोडली जाते आणि न्यूट्रल शाबूत आहे तोवर काहीच कळत नाही. पण मागे बोर्डात नाहीतर मीटरपाशी न्यूट्रल सुटला, आणि आपल्याकडे तो सुटतो हे सगळ्यांना माहितीये, की चालू बल्ब-पंख्यातून फेज उलटा येऊन त्याच बॉडीवर चढतो. ही जोडणी लोक करतात तीच अर्थिंग नसलेल्या घरात, त्यामुळे तिथे पूर्ण 230 व्होल्ट. आणि अर्थिंग असलेल्या घरात कुणी ही जोडणी केली, तिथे 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो बहुतेक सारखा पडायला लागेल, मग कुणीतरी वैतागून तो बायपास करेल. "ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल अर्थ करतातच की" असं एकाने लिहिलंय. हो करतात, तिथे ते सप्लायच्या उगमापाशी असतं. आपल्या सॉकेटात ते करायचं नसतं.

मीठ-पाणी. खड्ड्याचा रेझिस्टन्स त्याने कमी होतो हे खरंय, कातळात किंवा मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात पाणी घालावंच, फक्त मीठ जास्त झालं तर खड्ड्यातला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप लवकर गंजतो. पण खरखरीचं काय? पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर लागतं, घरातली वीज 50 हर्ट्झची. एक मीटर वायरचं इंडक्टन्स (बदलत्या करंटला अडवायचा गुण, फ्रिक्वेन्सी वाढली की अडथळा वाढतो) ढोबळ एक मायक्रोहेन्री धरा, तिसऱ्या मजल्यावरून खड्ड्यापर्यंत 15 मीटर वायर गेली तर 50 हर्ट्झला तिचा अडथळा नगण्य, पण 792 किलोहर्ट्झला तीच वायर जवळपास 75 ओहम अडवते. खाली खड्ड्यात पाच ओहमचे दोन केले म्हणून रेडिओला काय कळणार? उलट एवढी लांब वायर स्वतःच अँटेनासारखी खरखर पसरवू शकते.

खरखर येते ती बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्बच्या ड्रायव्हरमधून, चार्जरमधून, नाहीतर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून, जो सेकंदाला 100 वेळा करंट तोडून जोडतो आणि रेडिओत घुर्रर्र असा आवाज देतो. माझ्या स्वयंपाकघरातल्या एका बल्बने मला दोन महिने सकाळच्या बातम्या ऐकू दिल्या नव्हत्या.

अर्थिंगचा संबंध अजिबातच नाही असं मी म्हणत नाही. कॉम्प्युटरसारख्या थ्री पिन उपकरणांच्या फिल्टरला अर्थ लागतोच, तो नसेल तर फिल्टर नीट चालत नाही आणि पत्र्याच्या बॉडीला हात लावला की चुणचुणतं. आणि खरखर तडतड अशी, सोबत लाइट लुकलुकत असेल तर कुठेतरी कनेक्शन सैल होऊन ठिणगी पडतेय, तेव्हा त्याच दिवशी वायरमन बोलवा कारण आग तिथूनच लागते.

आणि टेस्टर. अर्थची वायर आत तुटून लोंबकळत असली तरी टेस्टर लागणार नाहीच! आरसीसीबीचं टेस्ट बटण पण फक्त आरसीसीबी तपासतं. अर्थिंग चांगलं आहे का हे वायरमनने अर्थ टेस्टर नावाचं वेगळं मीटर लावून मोजल्याशिवाय कळत नाही.

मावशीकडे आम्ही सेलवरचा रेडिओ लावून मेन स्वीच बंद केला तर खरखर गेली (गेली नसती तर ती बाहेरून, पोलवरून किंवा शेजारून येतेय असं समजलो असतो), मग एकेक एमसीबी वर करत गेलो, हॉलच्या एमसीबीला ती परत आली, आणि शेवटी सापडला टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा अॅडाप्टर. तो बदलला. वायरमन आलेलाच होता, त्याच्याकडून अर्थिंग मोजून घेतलं, आणि मेसेज वाचून मावशीने आणून ठेवलेलं मीठ परत डब्यात गेलं.