ओटीपी सांग म्हणता, मग हिशोबही सांगा

खान्देशातल्या समस्त आईबापांना हात जोडून विनंती आहे. बाहेरगावी शिकणारी पोरं सुट्टीत घरी आली की त्यांचा पाहुणचार जरा आवरा. भाकरी वाढा, तूपही वाढा, त्याला कोण नाही म्हणेल. पण घरात काय चाललंय तेही कानावर घाला.

26 जानेवारी सोमवारी आली, चौथा शनिवार जोडून मिळाला, आणि पुण्यात शिकणारी जळगाव-भुसावळकडची पोरं घराकडे सुटली. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं वेटिंग काही हलेना. ट्रॅव्हल्सवाल्यांनी जोडसुट्टी बघून भाव चढवलेलेच होते. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीवर घ्यायचं नाही असा सरकारी नियम 2018 पासून आहे म्हणतात, पण शुक्रवारी रात्री तो नियम कुठल्या गाडीत झोपलेला असतो कोण जाणे. मी एसटीनं गेले. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. रात्रभर मान मोडून घेतली, पण पैसे वाचले. भुसावळ सोडून तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाली, तेव्हा कुठे नीट जाग आली.

घरी पोचल्यावर आमचा दर्जा पाहुण्याचा. आमची आई एरवी सगळ्यांना कामाला जुंपणारी बाई. पण मी आले की, "तू कशाले उठली वं? पड अजून." झाडू घेतला तर हातातून काढून घेते. पहिल्या दिवशी वरण-बट्टी, रात्री शेवभाजी, मधल्या वेळी मेहरूणची बोरं, आणि मी पोचायच्या आधीच परतीच्या पिशवीची तयारी झालेली: कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, केळीचे वेफर्स. हॉस्टेलवर माझी रूम या पिशवीची वाटच पाहत असते, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. तरी करते.

कारण दुपारी बाबा दोन मोबाईल घेऊन येतात. एक त्यांचा, एक काकांचा. फार्मर आयडीचं काहीतरी अडलेलं असतं, पीएम किसानची ई-केवायसी राहिलेली असते, ई-पीक पाहणीत केळीचा फोटो चढत नसतो, बँकेचा मेसेज इंग्रजीत आलेला असतो. "ओटीपी आला का पाह्य बरं." मी बघते, टाकते, सबमिट करते. खातं कुठल्या बँकेत, आधार कुठल्या नंबरला जोडलंय, पासवर्ड काय, सगळं मला ठाऊक. मग विचारलं, "बाबा, सोसायटीचं कर्ज किती आहे आपल्यावर?" की उत्तर ठरलेलं: "तू अभ्यास कर. ते पाहू आम्ही."

म्हणजे ओटीपीपुरती मी मोठी, आकड्यापुरती लहान.

आणखी एक गंमत. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा मला तोंडपाठ आहे, कारण तहसीलमधून काढलेला तो दाखला पोर्टलवर मीच चढवते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे. फार चांगला निर्णय, माझं इंजिनिअरिंग त्यावरच चाललंय. पण मेस, रूमभाडं, लॅपटॉपचा हप्ता हे फीमध्ये बसत नाही. ते पैसे दर महिन्याला येतात. कुठून येतात हे मला परवापर्यंत नीट माहीत नव्हतं.

परवा म्हणजे रविवारी. शेतात भरीत पार्टी होती.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते, नाहीतर तुम्ही हॉटेलातल्या भरताची कल्पना कराल. थंडीत आमच्याकडे पाहुणे जमवून शेतात भरीत करतात. वांगी फिकट हिरवी, मोठी, बी कमी. बामणोद गावची मिळाली तर उत्तमच. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला दोघांनाही 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे वांग्याच्या वाट्याला तसं उशिराच आलं असं माझं मत. ती वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची. गॅसवर भाजून तो वास येत नाही, प्रयत्न करू नये. साल काढून लाकडी बडजीत ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, आणि डॉक्टर समोर नसताना जितकं घालता येईल तितकं तेल. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. वाढायचं केळीच्या पानावर. पानांना आमच्याकडे काय तोटा.

तर पुरुष मंडळी जाळाशी, बायका पुऱ्यांशी, अशी ती नेहमीची वाटणी. पुऱ्या लाटता लाटता मला पलीकडचं ऐकू येत होतं. विषय होता थंडी. केळी हे उष्ण हवामानाचं पीक. पारा खाली गेला की पानं पिवळी पडतात, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं अडकतं, घड भरत नाहीत. आमच्याकडे त्याला चरका बसला म्हणतात. मग रात्री पाणी सोडायचं, बांधावर धूर करायचा, घडांना पिशव्या घालायच्या. हे मला लहानपणापासून माहीत. माहीत नव्हतं ते पुढचं. फळपीक विम्यात थंडीची भरपाई कधी, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत किमान तापमान सलग 3 दिवस 8 अंश किंवा त्याखाली राहिलं तर. आणि तेही आपल्या शेतातलं तापमान धरत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचं धरतात. आमचं शेत नाल्याकाठी, खोलगट. तिथे थंडी साचते. केंद्रावर एका रात्री पारा जरासा वर राहिला की सलगपणा तुटला, आमची पानं पिवळी पडली तरी. बाबा रोज पहाटे उठून मोबाईलवर काय बघतात ते मला त्या जाळापाशी कळलं. मी समजत होते, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभात.

मग काका म्हणाले, "मग यंदा नवं-जुनं कसं करतो तू?"

हेही सांगायला हवं. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज 31 मार्चच्या आत फेडलं तर 3 लाखांपर्यंत व्याज सवलतीनं शून्यावर येतं. न फेडलं तर थकबाकीदार, व्याजही लागतं आणि पुढचं कर्जही अडतं. म्हणून माल विकला गेला नसला तरी मार्चमध्ये कुणाकडून तरी थोड्या दिवसांसाठी पैसे उचलायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की त्यातून उसने परत करायचे. हे नवं-जुनं. त्या मधल्या दिवसांचं व्याज महिन्याला शेकडा किती बसतं ते सोसायटीच्या कुठल्याच कागदावर नसतं.

बाबा काय उत्तर देतात म्हणून मी पुऱ्यांचं ताट घेऊन पुढे झाले, तर विषय एकदम पुण्याच्या ट्रॅफिकवर. "काय म्हणतं तुमचं हिंजवडी?" मी हिंजवडीच्या जवळपासही राहत नाही.

माझा बारावीतला भाऊ मात्र तिथेच बसलेला होता. त्याच्यासमोर विषय बदलायची गरज कुणाला वाटली नाही. तो बिचारा ऐकतही नव्हता, रील बघत होता. महाराष्ट्रानं 1994 साली आणि देशानं 2005 साली कायदा बदलला, वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. कागदावर. सातबारा वाचायला मात्र मला कुणी शिकवलं नाही, मी ते यूट्यूबवर शिकले. हक्कसोड पत्रावर सह्या करायच्या वेळी बहिणींना गावाकडे बोलावतात, तेव्हा तरी त्यांना कळावं आपण काय सोडतोय.

शाळेत आम्हाला घोटून पाठ करून घेतलंय की काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या फैजपूरचं, साल 1936, अध्यक्ष पंडित नेहरू. गावातलं कुठलंही पोर झोपेत सांगेल. त्याच पोराला विचारा, तुमच्या केळीच्या बागेत यंदा नवती म्हणजे नवी लागवड किती आणि पिलबाग म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांची किती, बऱ्हाणपूरच्या बाजाराचा भाव काय निघाला आणि तुमच्या बांधावर काय मिळाला. गप्प. ग्रामसभेत अठरा वर्षांवरच्या कुणालाही उठून पंचायतीचा जमाखर्च विचारता येतो. गटार किती रुपयांचं झालं हे विचारायचा मला कायद्यानं हक्क आहे, आणि घरात मी फक्त बट्टी कुस्करायची.

रविवारी रात्री मी हट्टच धरला. भांडण नाही, पण हटले नाही. बाबा आधी म्हणाले, "तुह्या डोक्याले ताप कशाले?" मग कृषी केंद्रानं दिलेली डायरी काढली. सहा बाय पाच फुटांवर एकरी साधारण 1,450 रोपं. टिश्यूकल्चरचं रोप, ठिबकमधून जाणारी खतं, फवारणी, घडांच्या पिशव्या, विम्याचा हप्ता. वरून वर्षभर थांबायचं, आणि माल कापायच्या आठवड्यात भाव काय असेल ते देवाला ठाऊक. केळी काही गोदामात ठेवून भाव चढायची वाट बघायचं पीक नाही. व्यापाऱ्याची गाडी आज आली तर आज कापायचं. सकाळी मोबाईलवर एक भाव येतो, बांधावर गाडी भरताना दुसरा होतो. हे सगळं बाबा सांगत होते आणि मी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये टाकत होते.

खरी मजा पुढे. आई भांडी आवरत होती, तिथूनच म्हणाली, "आन् बाजारच्या दिवशीची मजुरी कुठी धरली तुम्ही?" धरली नव्हती. निंदणीची मजुरी आई वाटते, दुधाच्या पैशातून. किराणा त्यातूनच. माझ्या मेसचे दोन हप्तेही त्यातूनच गेले होते, हे बाबांनाही नवीन होतं. बाबांच्या डायरीत नसलेला निम्मा संसार आईच्या डोक्यात होता, आणि इतक्या वर्षांत दोघं एका जागी बसून ते कधी जुळवून बघितलेलं नव्हतं. आई येऊन बसली, हात पुसत. तासभर तिघं नुसतं बेरीज-वजाबाकी करत होतो. शेवटी जो आकडा आला तो आनंदाचा नव्हता. पण मी मनात धरून चालले होते त्यापेक्षा बरा होता. पुण्यात रात्री पडल्या पडल्या मी जे कर्ज कल्पलं होतं, ते खऱ्याच्या दुप्पट होतं.

म्हणूनच "पोरांचं ध्यान उडेल" हे मला पटत नाही. ध्यान अंदाजानं उडतं. फोनवर आईचा आवाज जरा बारीक आला की आम्ही चार गोष्टी जोडतो. महिन्याचे पैसे दोन दिवस उशिरा आले की आठ. बापानं आम्हाला काळजी लागू नये म्हणून लपवायचं, आम्ही त्याला वाईट वाटू नये म्हणून विचारायचं नाही, आणि दोन्हीकडे झोप नाही. यातलं टोक मी लिहू नये, पण आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. घरावरच्या कर्जाचा आकडा पोरांना पंचनाम्यातून कळायला नको.

हे मान्य की सगळ्याच पोरांना सगळं सांगता येत नाही. दहावीतल्या मुलाच्या खांद्यावर सावकार ठेवू नका. पण ज्याला मतदान करता येतं, ज्याला तुम्ही एकट्याला पुण्या-नाशकाला सोडलंय, त्याला कळू द्या. आकडा कळला तर तो आपापले निर्णय नीट घेईल. मी इथे एका महागड्या क्लासचा विचार करत होते, बाबा लगेच हो म्हणाले होते. सगळं कळल्यावर मी तो क्लास मार्चनंतरवर ढकलला. कुणी मला त्याग करायला सांगितलं नाही, आणि मला तो त्याग वाटलाही नाही. मार्चमध्ये घरात पैशाची ओढ असते, एवढं साधं गणित होतं, ते आधी कुणी मांडलं नव्हतं.

आता माझ्या वयाच्यांना दोन शब्द. आपणही काही कमी नाही. धुण्याची बॅग आईपुढे टाकायची, दिवसभर फोन, संध्याकाळी मित्रांबरोबर चौकात, आणि निघताना "काही पैसे टाका ना". घरचे सांगत नाहीत हे खरं, पण आपण तरी कुठे बसून विचारतो? विचारायचं तर ओटीपीच्या वेळेलाच विचारा. मोबाईल हातात असतो, बँकेचा मेसेज समोर असतो, बाबा शेजारी बसलेले असतात. मेसेज मोठ्यानं वाचा आणि विचारा, हे कशाचे कटले? तेवढ्यानं सुरुवात होते. आणि आईला बसवल्याशिवाय हिशोब मांडू नका, तो चुकतो.

घरच्या ग्रुपवर कुणीतरी ही पोस्ट टाकणारच आहे, आणि "पोरगी पुण्याला जाऊन लय शहाणी झाली" असं एक काका लिहिणारच आहेत. लिहा काका. पण त्याआधी मार्चमध्ये नवं-जुनं करायला शेकडा किती लागतात तेवढं कॉमेंटमध्ये टाका. एक्सेलमध्ये तो रकाना अजून रिकामा आहे, आणि बाबा आकडा सांगायला तयार नाहीत.