तक्ता कळला, पुढे काय?

आज एका आहारविषयक व्याख्यानाला जाऊन आले आणि संताप अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे. वक्त्या अभ्यासू होत्या, बोलणेही गोड होते. पण तासभराच्या बोलण्याचे सार एवढेच, की गरीब घरांतली मुले अशक्त राहतात ती आईच्या अज्ञानामुळे. माझ्या शेजारी घरकाम करणारी एक बाई बसली होती. तिने हात वर करून विचारले, "मॅडम, घरात फ्रीज नसेल तर फळं-भाज्या किती दिवस टिकतात?" सभागृहात हशा पिकला. वक्त्याही हसल्या आणि "रोज ताजे आणावे" असे सांगून पुढच्या चित्राकडे वळल्या.

त्या तासाभरात विचारला गेलेला एकमेव शहाणा प्रश्न तोच होता. रोज ताजे आणायचे तर रोज बाजारात जायला वेळ हवा, रोज हातात रोकड हवी आणि कामावरून सुटेपर्यंत बाजार उघडा हवा. ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो ते एकदम जास्त घेतात आणि स्वस्तात घेतात. ज्यांची मजुरी रोज हातावर पडते ते थोडे थोडे घेतात आणि त्याच वस्तूला जास्त पैसे मोजतात. हे तुम्हा मंडळींना समजावून सांगावे लागेल असे नाही. तरीही हसणारे सगळे आपल्यासारखेच होते, याचा राग अधिक आहे.

उत्पन्न जितके कमी तितका त्यातला अन्नावर जाणारा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच मांडून ठेवले आहे. घरभाडे थांबत नाही, औषध थांबत नाही. मग कात्री लागते ती ताटाला. ताटातही पोट भरणाऱ्या पदार्थांना नव्हे, तर फळे, दूध, अंडी, भाज्या यांना, कारण त्याच पैशांत पीठ, तेल आणि साखर कितीतरी अधिक ऊर्जा देतात. म्हणूनच एकाच घरात आईचे वजन वाढलेले आणि मुलाच्या अंगात रक्त कमी, असे चित्र दिसते आणि आपण त्याला बेफिकिरी म्हणून मोकळे होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे आज जगातल्या २५० कोटींहून अधिक माणसांना सकस आहार परवडतच नाही. इतकी सगळी माणसे अडाणी आहेत काय?

ती बाई तर मुळीच नव्हती. वाटलेल्या रंगीत तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर ती पेन्सिलीने हिशेब मांडत होती: घरातली माणसे, प्रत्येकाचा वाटा, खाली बेरीज. बेरजेखाली तिने रेघ ओढली आणि कागदाची घडी घातली. प्रथिने कशात असतात ते तिला नीट ठाऊक होते. बाहेर पडताना मला म्हणाली, "ताई, नवीन भाजी केली आणि पोरांनी तोंड फिरवलं, तर त्या वेळेला दुसरं काय वाढू?"

खरी गोम इथेच आहे. लहान मुलाला नवी चव पुन्हा पुन्हा द्यावी लागते, तेव्हा कुठे ती त्याच्या अंगवळणी पडते, हे आपण कौतुकाने सांगतो. पण प्रत्येक नकार म्हणजे फुकट गेलेले अन्न, आणि ते फुकट घालवण्याची ऐपत असणाऱ्यालाच ही शिकवण आचरणात आणता येते. जी आई मूल हमखास खाईल तेच शिजवते, तिला जोखीम कळते. ज्ञानाचेही तसेच आहे. पैसे असणारा आहारतज्ज्ञाकडे जाऊन बसतो. पैसे नसणाऱ्याला फुकट मिळते ती जाहिरात, जिच्यात साखरेचे पेयही शक्तिवर्धक असते.

माहितीचा उपयोग होतो, हे मान्य. पैसेवालेही वाटेल ते खातात, हेही मान्य. पण ब्रिटनमध्ये पोषणतज्ज्ञ जॉन बॉइड ऑर यांनी १९३६ साली उत्पन्नगटांप्रमाणे आहार तपासला, तेव्हा निम्म्या लोकसंख्येचा आहार पूर्ण आरोग्याला पुरेसा नव्हता आणि उत्पन्न वाढत जाईल तसा तो सुधारत होता. पुढे युद्धकाळात शिधावाटप आले, गरोदर स्त्रिया व लहान मुलांना स्वस्तात किंवा मोफत दूध मिळू लागले, आणि टंचाई असूनही गरिबांचे ताट सुधारले. स्वित्झर्लंडने १९२२ पासून मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात केली आणि गलगंड ओसरत गेला. त्यासाठी कुणा आईला तासभर खुर्चीवर बसवून लाजवावे लागले नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. वक्त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना कदाचित असे श्रोते कधी भेटलेच नसतील. पुढचे व्याख्यान ठरवण्याआधी श्रोत्यांना जेवायला किती वेळाची सुट्टी मिळते, चुलीला इंधन कुठून येते आणि घरात शेवटी कोण जेवते, एवढे तरी विचारून घ्यावे, असे आयोजकांना कळवले आहे. उत्तर आले तर इथेच टाकेन.