कोपिंगमागची फट सिमेंटने भरू नका

लोणावळा, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात बंगल्यामागे पोहण्याचा तलाव बांधायला घेतला की एक सल्ला हमखास कानावर येतो: काठाचे दगड बसले की सगळ्या सांध्यांत पांढऱ्या सिमेंटची लापी ओतावी, सांधा दगडासारखा होतो, पाणी शिरत नाही, आणि सीलंट (फटीत भरायचा रबरासारखा लवचिक पदार्थ) म्हणजे निव्वळ खर्च वाढवण्याचा प्रकार आहे. या सल्ल्यामुळे चांगली कामे बिघडतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

मुळात 'सगळे सांधे' एकाच प्रकारचे नसतात. दोन दगडांमधली दरज वेगळी आणि कोपिंग (म्हणजे हेच काठाचे दगड) व डेक (तलावाभोवतीची फरशी) यांच्यामधली सलग फट वेगळी. कोपिंग तलावाच्या काँक्रीटच्या भिंतीवर बसलेले असते, तर डेक बहुधा भरावावर टेकलेला असतो. भराव पावसाळ्यात खचतो, खाली काळी माती असेल तर ती भिजून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शिवाय तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर १० मीटर लांबीचे काँक्रीट सुमारे ३ मिलिमीटरने वाढते. मधली फट सिमेंटने भरली असेल तर हा सगळा रेटा थेट काठाच्या दगडावर येतो. दगड मसाल्यापासून सुटतो, त्याखालची टाइल्सची ओळ तडकते आणि दोष मात्र दगडाला दिला जातो.

सांधा दगडासारखा होतो, हेही खरे नाही. वाळू नसलेली नुसती सिमेंटची लापी वाळताना आक्रसते आणि दगडाच्या कडेने केसासारखी भेग सोडते. दगडा-दगडांमधल्या दरजेत सिमेंट वापरण्यास हरकत नाही. मात्र ते वाळूयुक्त, पॉलिमर मिसळलेले ग्राऊट (दरज भरण्याचा मसाला) असावे, आणि दरज तळापर्यंत साफ करून, ओलसर करून, पट्टीने दाबत भरावी. वरून ओतलेली लापी अरुंद दरजेत बहुतेकदा वरच्या वरच अडकते.

पाणी शिरत नाही, या दाव्याबद्दल इतकेच: साधे सिमेंटचे ग्राऊट पाणी थोडेफार शोषतेच. गळती रोखण्याचे काम दगडाखालच्या वॉटरप्रूफिंगचे आहे.

कोपिंग व डेकमधल्या फटीत सीलंटचा खर्च टाळण्यासारखा नाही, पण तो नीट भरला तरच कामाचा. फटीपेक्षा किंचित जाड फोमची दोरी आत दाबून बसवावी आणि वर सीलंट भरावा; फट १२ मिलिमीटर रुंद असेल तर त्याची जाडी साधारण ६ मिलिमीटर पुरते. दोरीमुळे सीलंट तळाला न चिकटता दोन्ही बाजूंनाच चिकटतो आणि म्हणूनच ताणला जाऊ शकतो. दोरी वगळली की तो तिन्ही बाजूंनी जखडला जातो आणि फाटतो. क्लोरीनयुक्त पाण्याजवळ पॉलिसल्फाइड सीलंट चांगला टिकतो. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकोन सिमेंटच्या कडेला नीट धरत नाही.

याच सल्ल्याला जोडून सांडलेली लापी ॲसिडने धुवावी, असेही सांगितले जाते. कडप्पा आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ॲसिड पडताच त्यांवर फेस येतो, झिलई जाते आणि ते डाग पुन्हा घासून पॉलिश केल्याशिवाय निघत नाहीत. दगडाच्या कडांना आधी मास्किंग टेप लावावी आणि सांडलेले ग्राऊट ओले असतानाच स्पंजने पुसून घ्यावे.