लिंग ओळखा (गुण ५)

शाळेत मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा : लिंग ओळखा. पाच शब्द, पाच गुण. मी त्यात कधी अर्धा गुणसुद्धा घालवला नाही. त्या पाच गुणांचा माज पुढे बरीच वर्षं पुरला. गेल्या महिन्यात घरात सहा मासे आले आणि तो उतरला.

तीन गप्पी, दोन एंजल आणि एक 'शेवाळ खाणारा'. हा तिसरा प्रकार म्हणजे मासा की हुद्दा, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी वेगळंच विचारलं.
"यातले नर कुठले आणि माद्या कुठल्या?"
"जोडी आहे साहेब," पिशवीला रबर गुंडाळत दुकानदार म्हणाला.
"आणि हे तीन गप्पी?"
"त्यांचीपण जोडीच आहे."

तिघांची जोडी घेऊन मी घरी आलो. पिशवी टाकीच्या पाण्यावर वीसेक मिनिटं तरंगत ठेवायची असते, आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होईपर्यंत. त्या वीस मिनिटांत मुलीने माशांना नावं द्यायला घेतली आणि पहिल्याच माशापाशी अडली. "बाबा, हा आला की ही आली?"

इथे मराठीने घात केला. आपल्या भाषेत माशाबद्दल साधं एक वाक्य बोलायचं तरी आधी त्याचं लिंग ठाऊक लागतं. पोहतो की पोहते? खाल्लं, पण त्याने की तिने? 'मासा' पुल्लिंगी आणि 'मासोळी' स्त्रीलिंगी एवढं सांगून व्याकरण हात झटकतं, टाकीपाशी येऊन कोणी दाखवत नाही.

गप्पीचं सोपं असतं म्हणतात. नर लहान आणि रंगीत, मादी मोठी आणि मळकट. पण हौशी लोकांनी पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेल्या जातींत माद्यांच्या शेपट्यांनाही रंग आलेत. म्हणून खरी खूण खाली पाहायची. पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे एक छोटा पर असतो. मादीचा पंख्यासारखा पसरलेला, नराचा काडीसारखा बारीक आणि मागे वळलेला. त्या काडीला गोनोपोडियम म्हणतात. हे नाव मी घरात एकदाच मोठ्याने उच्चारलं. बायकोने ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर आम्ही 'काडी की पंखा' एवढंच म्हणू लागलो.

नियम सोपा आहे. मासा सोपा नाही. तीन मिलिमीटरचा पर पाहायला मी भिंग घेऊन टाकीसमोर गुडघे टेकले, की तिन्ही गप्पी काचेपाशी येऊन बरोब्बर माझ्याकडे तोंड करून उभे. समोरून मासा म्हणजे दोन डोळे आणि एक आ वासलेलं तोंड. त्यात नर-मादी काही नसतं, फक्त भूक असते. मी डावीकडे सरकलो की तेही सरकत. मग मोबाईलवर फोटो काढायला लागलो. एकशेचाळीस फोटो. साठ-सत्तर फोटोंत नुसती शेपटी, वीसेकांत फिल्टरचे बुडबुडे, आणि एका अत्यंत स्पष्ट फोटोत काचेवर उमटलेलं माझं नाक. "दार उघडं आहे," बायको म्हणाली, "जिन्यावरून येणारेजाणारे विचारतात, हे रोज गुडघ्यावर बसून काय करतात. मी काय सांगू?"

आठव्या दिवशी निकाल लागला. तिघींनाही पंखा. पोटाच्या मागच्या टोकाशी काळपट डागही, जो मादीचाच असतो. तिन्ही माद्या! मला हायसं वाटलं. म्हणजे पिल्लांची कटकट नाही. मुलीने नावं दिली, क्रियापदं मार्गी लागली.

अठराव्या दिवशी टाकीत पिल्लं.

पापणीच्या केसाएवढी, डोळे तेवढे दिसणारी अकरा पिल्लं एका पानामागे लपली होती. मी भिंग पुसलं. तिन्ही आया पुन्हा तपासल्या. पंखा, पंखा, पंखा. मग वाचलं, तेव्हा कळलं की गप्पीची मादी नराचं बीज महिनोन्‌महिने पोटात साठवून ठेवते आणि एका भेटीच्या भांडवलावर लागोपाठ कितीतरी वेळा विते. ती अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी थेट जिवंत पिल्लं देते. म्हणजे नवरा जुन्या पत्त्यावरच राहिला होता, संसार तेवढा माझ्या पिशवीतून आला होता. माझं उत्तर बरोबर होतं आणि तरी मी नापास.

दुसऱ्या दिवशी पिल्लं चारच उरली. एंजल जाडजूड दिसत होते.

या एंजलकडे काडीही नाही आणि पंखाही नाही. दोघं अगदी एका साच्यातली. कपाळाचा उंचवटा पाहा, परांची लांबी पाहा, असे सल्ले पुष्कळ मिळतात आणि बहुतेक वेळा तोंडघशी पाडतात. भरवशाची खूण एकच. अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली एक नळी बाहेर येते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. थोडक्यात, पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका वाटायची.

आमच्या दोन्ही एंजलनी अंड्यांसाठी फिल्टरची नळी निवडली. दोन दिवस ती तोंडाने घासून घासून इतकी लख्ख केली की बायकोने मला बोलावून दाखवली. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मग एका संध्याकाळी एक जण नळीला पोट टेकवून सावकाश वर सरकू लागला, आणि मागे मण्यांसारखी अंड्यांची ओळ. "ती ही!" मुलगी ओरडली. "आणि तो हा!" मी दुसऱ्याकडे बोट केलं. दुसरा पुढे झाला, नळीला पोट टेकवलं, आणि त्याच्याही मागे अंड्यांची ओळ.

अंडी दोन दिवसांत पांढरी पडली. फळलीच नव्हती. टाकीत नर नसला की एंजलच्या दोन माद्या बिनदिक्कत जोडी जमवतात. दुकानदार एका अर्थी खरंच बोलला होता. दोघी मात्र त्या वांझ अंड्यांना परांनी वारा घालत होत्या आणि मी हात घातला की बोटावर धावून येत होत्या.

माशांच्या या खात्यात कोणी स्वतःला फार हुशार समजू नये, हे मला नंतर पटलं. समुद्रातले क्लाउनफिश जन्माला येतात ते सगळे नर म्हणून. त्यांच्यातला सर्वांत मोठा मादी होतो, आणि ती गेली की तिचा जोडीदारच मादी बनून तिची जागा घेतो. म्हणजे 'लिंग ओळखा' संपेपर्यंत पुढचा प्रश्न 'लिंग बदला' सुरू. आणि गप्पीला तर विद्वानांनीही ओळखलं नव्हतं. १८५९ मध्ये पीटर्स यांनी त्याचं रीतसर नाव ठेवलं होतं. तरी १८६६ मध्ये गुंथर यांनी त्रिनिदादहून मासे पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून तोच मासा नवा समजून त्याला पुन्हा नाव दिलं. शास्त्रीय नाव पहिलंच टिकलं, तोंडात दुसरं बसलं.

राहिला शेवाळ खाणारा. अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जात असेल तर तो सयामी जातीचा, आणि शेवाळाला तोच कामाचा. आमचा मात्र पट्टा दिसण्याआधीच तोंडाने काचेला चिकटला. हे चोखणारं तोंड चायनीज अल्गी ईटरचं. नाव चिनी, मूळ गाव मेकाँगचं खोरं. मोठा झाला की शेवाळावरचं मन उडतं आणि चपट्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखायला लागतो. आमच्याकडे चपट्या दोघी होत्याच. याचं लिंग शोधायची हिंमत माझ्यात उरली नव्हती, म्हणून मुलीने परस्पर नपुंसकलिंग लावून टाकलं. "ते चिकटलं. ते एंजलच्या मागे लागलं."

ते एंजलच्या मागे फारच लागलं, तेव्हा पिशवीत घालून दुकानात परत नेलं. दुकानदाराने पिशवी उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"मस्त आहे साहेब. हा कुठून घेतला?"

"घेतला नाही," मुलगी म्हणाली. "घेतलं."