नोत्र-दाममधील शवपेट्यांविषयी खुलासा
२०१९ च्या आगीमुळे पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलखालील चौदाव्या शतकातील गुप्त दफने उघडी पडली, हा सध्या फिरणारा मजकूर चुकीचा आहे. या दफनांतील शिशाच्या दोन शवपेट्या २०२२ मध्ये, आगीत कोसळलेला मनोरा पुन्हा उभारण्यासाठी अवजड परांची बांधण्यापूर्वी केलेल्या नियोजित उत्खननात सापडल्या. चौदाव्या शतकाचा अंदाज सुरुवातीला अधिकृतपणेच वर्तवला गेला होता, हे मात्र खरे; परंतु एका पेटीवरील पट्टिकेनुसार ती १७१० मध्ये निधन पावलेले धर्माधिकारी आंत्वान द ला पोर्त यांची आहे. दुसरी पेटी कवी जोआशँ द्यु बेले (मृत्यू १५६०) यांची असल्याचे म्हणणे सर्व संशोधकांना मान्य नाही. खरे तर याच उत्खननात मिळालेले, मूळ रंगाच्या खुणा टिकून असलेले तेराव्या शतकातील दगडी पडदीचे (चर्चमधील गायकवृंदाचा भाग मुख्य सभागृहापासून वेगळा करणाऱ्या भिंतीचे) शिल्पावशेष अधिक मोलाचे आहेत. त्यांचा त्या फिरणाऱ्या मजकुरात उल्लेखही नाही.